चांदणी दिसली की डावीकडे

“डावीकडे! चांदणी दिसली की डावीकडे!” नेस्टर फोनवर ओरडत होता. फोन टोपीच्या कानपट्टीखाली खांद्याने दाबून धरलेला, मान वाकडी, आणि दोन्ही हात नेहमीप्रमाणे कशात ना कशात गुंतलेले. “अगं, फाट्यावरची पाटी गेल्या महिन्यात ट्रकने पाडली. पाटी शोधत बसू नकोस. वर चांदणीकडे बघ.”

“बाबा, मी तिथेच वाढलेय,” पलीकडून दारका म्हणाली. “वळण मला माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणणारेच चुकतात. बर्फ जमिनीलगत उडतोय. तुला गाडीचं नाकसुद्धा दिसायचं नाही. वर बघायचं, वर!”

शेजारचा तिमको नुकताच आपल्या जुन्या पिकअपमधून उतरला होता. अळंबीच्या लोणच्याची बरणी छातीशी धरून तो आवारातच उभा राहिला आणि नेस्टरचं काय चाललंय ते बघू लागला.

“अरे नेस्टर, ती—”

“थांब रे जरा! पोरगी बोलतेय.” नेस्टरने त्याला कोपरानेच घराकडे जायची खूण केली.

तिमकोने खांदे उडवले, बरणी सावरली आणि तो आत गेला.

“आत्ता कुठे आहेस?”

“पेट्रोल भरलं. निघतेय. साडेपाचपर्यंत—”

पुढे काही ऐकू आलं नाही. फोन थंडीने मेला होता. उणे एकेचाळीसमध्ये फोन दोन मिनिटं टिकला हेच खूप. नेस्टरने तो शर्टाच्या आत, पोटाशी सरकवला आणि बोटं काखेत घालून तो पाय आपटत घरात शिरला. चार वाजायला दहा मिनिटं होती.

दारका त्याची एकुलती एक. सस्कॅटून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्स. जुन्या पंचांगाचा नाताळ सहा जानेवारीच्या संध्याकाळी सुरू होतो, पण इस्पितळाच्या भिंतीवर नवं कॅलेंडर. त्यामुळे सलग तीन वर्षं ऐन सणाला तिची ड्यूटी लागलेली. यंदा चार दिवसांची रजा मिळाली, आणि तीसुद्धा नेमकी अशा हवेत. रेडिओ सकाळपासून बजावत होता की फारच गरज असेल तर बाहेर पडा. लेस्याने, म्हणजे तिच्या आईने, फोन करून “नको येऊस” असं सांगितलंही होतं. पण सांगताना तिचा आवाजच असा झाला, की पोरगी तासाभरात गाडी घेऊन निघाली.

चांदणी नेस्टरची होती. धान्याच्या चाळीस फुटी कोठीच्या डोक्यावर त्याने लोखंडी पट्ट्यांचा आठ टोकांचा सांगाडा चढवला होता आणि त्यावर पंधराशे बारीक दिवे बसवले होते. ते मधून बाहेर पसरत जायचे, मग टोकांवर फिरायचे, निळे व्हायचे, पांढरे व्हायचे. हे सगळं घडवून आणणारा कंट्रोलर कोठीच्या पायथ्याशी एका करड्या पेटीत होता. तो दारकानेच चार वर्षांपूर्वी पोस्टाने पाठवला होता. त्याआधी बाप-लेकीचं रविवारचं बोलणं हवापाण्यापलीकडे जायचं नाही. “बरी आहेस?” “बरी आहे.” “आईला देतो.” पेटी आल्यापासून मात्र फोन तासतासभर चालायचा. दिव्यांची तिसरी माळ का लुकलुकते, पाचव्या टोकाला लाल रंग का चढत नाही. सदुसष्टाव्या वर्षी नेस्टर कॉम्प्युटर शिकला तो या पेटीपायी. लेस्या म्हणायची, “माझ्याशी लग्न करतानासुद्धा एवढा विचार केला नव्हता याने.”

पेटीचा एकच नियम होता. कडाक्याच्या थंडीत ती बंद करायची नाही. चालू असली की ती आपल्याच उबेवर तगते. दिवे लागलेले नसले तरी आतल्या आत धुगधुगत राहते. एकदा का बंद पडून गार झाली, की उणे चाळीसमध्ये परत सुरू होत नाही. नेस्टरने झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘बंद करायची नाही.’ आवारातल्या खांबावर दोन सॉकेट होते, त्यांतला एक नोव्हेंबरात जळाला. घराच्या भिंतीवर आणखी एक होता, पण त्यावर पाण्याच्या नळाची तापणारी वायर. ती काढली की घरात पाणी नाही. राहिला खांबावरचा एक, तो पेटीला. या थंडीत उभ्या गाडीलाही वायर लावून इंजिन विजेवर कोमट ठेवावं लागतं, पण पेटीपायी नेस्टरची स्वतःची पिकअप तीन दिवस वायर न लावता उभी होती. इंजिन गोठून दगड झालं असणार, पण त्याला कुठे जायचं होतं?

घरात वाफच वाफ होती. लेस्या बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोही उकळत होती. टेबलावर पांढरा कपडा, कपड्याखाली चिमूटभर गवत, कोपऱ्यात गव्हाची पेंढी उभी. पाच ताटं मांडलेली. तिघांची तीन, तिमकोचं एक आणि पाचवं गेलेल्या माणसांसाठी, दरवर्षी असतं तसं. आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही.

तिमकोने खुर्ची चुलीजवळ ओढली होती. बायको गेल्यापासून सहा वर्षं तो या संध्याकाळी इथेच जेवायचा आणि सहाही वर्षं नेस्टरची टर उडवायचा.

“येशूच्या जन्माला एकच तारा पुरला,” तो लेस्याला म्हणाला. “तुझ्या नवऱ्याला पंधराशे लागतात.”

“तुझ्या डोळ्यांत का खुपतात रे?” नेस्टर बूट काढत म्हणाला.

“माझ्या नाही, माझ्या गाईंच्या. बिचाऱ्या रात्रभर वर बघत बसतात. रवंथच विसरल्या.”

“तुझ्या गाई तुझ्याकडे बघून आटल्यात. माझ्या चांदणीला बोल लावू नकोस.”

लेस्या हसली. मग तिघांनीही एकदम घड्याळाकडे बघितलं.

साडेचारला लेस्याने दारकाचा नंबर लावला. फोन बंद होता. खोऱ्यात वीसेक मैल सिग्नल मिळत नाही हे तिघांनाही माहीत होतं. पण माहीत असून काय उपयोग? पावणेपाचला तिने परत लावला. नेस्टर उठला, बसला, परत उठला. फाटा चुकला तर तो रस्ता पुढे चौदा मैल नदीपर्यंत जातो. वाटेत एक घर नाही, आणि त्या बाजूचा बर्फ काढायला आठवडाभर कुणी फिरकलेलं नव्हतं. गाडी रुतली तर पेट्रोल असेतो ऊब. पुढचा विचार त्याने केला नाही. पाचव्या ताटाकडे त्याची नजर गेली आणि त्याने ती पटकन काढून घेतली.

“उजेड गेला बघ,” लेस्या खिडकीच्या काचेवरचा बर्फ नखाने खरवडत म्हणाली. “नेस्टर, तुझी चांदणी आज रुसली का?”

“म्हणजे?”

“लागली नाही अजून. पाच वाजून गेले.”

चांदणी पावणेपाचला आपोआप लागायची. नेस्टरने काचेला कपाळ लावलं. उडत्या बर्फाच्या वर निळसर आकाश, त्यात कोठी काळीठिक्कर उभी. तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

कोट अंगात चढवला की नाही हे त्याला नंतर आठवलं नाही. खांबाशी पोचला तेव्हा पेटीची काळी वायर बर्फात पडलेली होती, अर्धी झाकून गेलेली. सॉकेटमध्ये होती ती त्याची नारिंगी लांब वायर. तिचं दुसरं टोक बर्फावरून सरपटत तिमकोच्या पिकअपकडे गेलं होतं.

त्याने नारिंगी वायर उपटली, काळी खोचली आणि कोठीकडे धावला. पेटीचं झाकण उघडलं. आतला हिरवा दिवा एकदा मिचकावला, बारीक ‘टिक’ असा आवाज झाला आणि दिवा विझला. परत मिचकावला, परत विझला. नेस्टर गुडघ्यांवर बसून बघत राहिला. दहा वेळा टिक झालं, मग तेही थांबलं.

तो आत आला तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

“तिमको, खांबावरची वायर का काढलीस?”

तिमको बरणीचं झाकण उघडत होता. त्याने वर बघितलं. “कुठली?”

“सोंग करू नकोस. दिव्यांची वायर बर्फात पडलीय आणि तुझी गाडी खांबाला लागलीय!”

“गाडी लागलीय खरी,” तिमको सावकाश म्हणाला.

“खरी? अरे, तासापेक्षा जास्त झाला. पेटी मेली! पोरगी त्या चांदणीवर डोळे लावून येतेय, आणि तुला तुझं इंजिन शेकायचं पडलंय! घर तुझं दीड मैलावर. एक दिवस चालत आला असतास तर मेला असतास का?”

“नेस्टर!” लेस्या म्हणाली.

“तू मधे बोलू नकोस. चार वर्षं याला ती चांदणी खुपतेय. गाई म्हणे रवंथ करत नाहीत! आज काढलीस ना? झालं समाधान? माझ्या पोरीला काही झालं तर, तिमको, या घराची पायरी चढू नकोस.”

तिमकोने बरणीचं झाकण परत लावलं, घट्ट फिरवून. त्याचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं. मग त्याने घड्याळाकडे बघितलं, सव्वापाच झाले होते, आणि तोंड मिटलं. खुंटीवरचा कोट काढला. हातमोज्यांवर हातमोजे चढवले. लेस्या त्याच्या बाहीला धरायला गेली, तर त्याने तिच्या हातावर थोपटलं आणि तो दार उघडून गेला. थंडी पांढऱ्या धुरासारखी जमिनीवरून आत आली.

बाहेर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्याची पिकअप पहिल्या फटक्यात सुरू झाली.

“काय बोललास हे?” लेस्या म्हणाली. “सणाच्या दिवशी? एकट्या माणसाला?”

“मोठी पिशवी दे. प्लॅस्टिकची. भोकं नसलेली.”

पेटी गरम करायला हवी होती, पण तशीच घरात आणून चालणार नव्हतं. गारठलेली वस्तू वाफेत आणली की तिला घाम फुटतो, थेंब आत शिरतात आणि बाहेर नेताच त्यांचा बर्फ होतो. ती बाहेरच पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि मग आत आणून हळूहळू ऊब द्यायची. हळूहळू. नेमकी आज.

पेटीतून निघणाऱ्या आठही वायरींच्या जोडांवर नेस्टरने गाठी मारल्या होत्या. वायरीचे दोन भाग नुसते एकमेकांत खोचले तर वाऱ्याने सुटतात, म्हणून त्यांना दोन वेढे देऊन, तिसरा खालून काढून तो गाठ घट्ट करायचा. त्याचा बाप घोड्यांच्या लगामाला अशी गाठ मारायचा. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. ‘नेस्टरने बांधलेलं सोडवायचं तर नेस्टरलाच बोलवा,’ असं तिमको म्हणायचा, कारण एकदा गोठ्याचं फाटक सोडवता सोडवता त्याची अर्धी सकाळ गेली होती. या थंडीत वायर काडीसारखी कडक झालेली. वाकवली की तुटायची भीती, म्हणून हातमोजे काढल्याशिवाय इलाज नव्हता. नेस्टर एक गाठ सोडवायचा, बोटं तोंडात घालायचा, मग दुसरी. सहाव्या गाठीपर्यंत बोटं आपली आहेत की दुसऱ्या कुणाची हेच त्याला कळेना.

पिशवी घेऊन परतताना त्याने आवारात बघितलं. तिमकोच्या चाकांच्या खुणा फाटकाकडे गेल्या होत्या. नारिंगी वायर कुठेच नव्हती.

“वायरसुद्धा घेऊन गेला माझी!” तो घरात शिरताच म्हणाला. “चाळीस फुटांची वायर! बघितलंस?”

लेस्याने परत दारकाचा नंबर लावला होता. ती फोन कानाला लावून उभी होती.

स्वयंपाकघरात वाफ, म्हणून पेटी त्याने झोपायच्या खोलीत नेली आणि पलंगावर ठेवून वर रजई घातली. पाऊण तास तरी लागणार होता. तो शेजारी बसला आणि हात रजईखाली घालून पिशवीवर ठेवला. बर्फाचा गोळा असावा तशी गार. दोन मिनिटांनी त्याने परत हात लावला. तशीच.

पावणेसहाला तो उठला आणि आपल्या पिकअपकडे गेला. किल्ली फिरवली. इंजिन एकदा म्हाताऱ्या बैलासारखं कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली तर नुसता खट्ट आवाज. तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. चालत जायचं म्हटलं तर फाटा दोन मैल, वारा तोंडावर. कंदील घेऊन, दोन कोट घालून... पन्नास मिनिटं? तासभर? तो घरात येऊन कंदील घेऊन वळला तेव्हा लेस्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

“तू कुठेही जाणार नाहीस.”

“बाजूला हो.”

“ती एक रस्त्यावर आहे तेवढी पुरे. तू आणि कशाला? मी कुणाकुणाची वाट बघू?” तिचा आवाज फाटला. “तिमको असता तर गेला असता गाडी घेऊन. त्याला हाकलून दिलंस तू.”

नेस्टर कंदील हातात धरून उभा राहिला. मग तो खाली ठेवून परत पलंगाकडे गेला.

स्वयंपाकघरातून पेरोहीचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला. मध आणि खसखस घातलेल्या गव्हाचा वास घरभर भरला होता. पोरगी लहान असताना या दिवशी खिडकीत खुर्चीवर उभी राहायची आणि पहिला तारा दिसला की ओरडायची. कधी कधी तारा दिसायच्या आधीच ओरडायची, भुकेपोटी. लेस्या रागवायची. नेस्टर म्हणायचा, दिसला, मलाही दिसला. हे आठवलं तसा त्याने रजईखालचा हात पिशवीवर आणखी दाबला. 

सहा वाजून दहा मिनिटांनी पिशवी हाताला कोमट लागली. त्याने पेटी रजईसकट उचलली आणि लहान मूल न्यावं तशी छातीशी धरून बाहेर नेली. कोठीच्या पायथ्याशी रजई बर्फावरच टाकली. पिशवी फाडली. आठ वायरी एकेक करून खोचल्या. या खेपेला गाठी मारल्या नाहीत. तेवढी बोटंच शिल्लक नव्हती. काळी वायर खांबावर होतीच.

हिरवा दिवा मिचकावला, विझला, आणि परत लागला. तो लागून राहिला.

वर, चाळीस फुटांवर, मधला ठिपका पेटला. मग त्याच्याभोवती एक कडं, मग दुसरं, मग आठही टोकं निळी होत गेली. दोन टोकं अर्धवटच लागली, पण लागली.  नेस्टर कोठीच्या पत्र्याला टेकून उभा राहिला आणि फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघू लागला. रस्ता दिसत नव्हता. कमरेएवढा बर्फ नदीसारखा आडवा वाहत होता, आणि त्याच्या वर काहीच नव्हतं.

साडेसहा वाजून गेले. लेस्या शाल गुंडाळून दारात येऊन उभी राहिली. तिला त्याने आत जा म्हटलं नाही.

मग दूर, वाहत्या बर्फाच्या कडेला, दोन पिवळे ठिपके दिसले. जरा वेळाने त्यांच्यामागे आणखी दोन, बसके. चारही ठिपके इतके सावकाश येत होते की थांबलेत की काय असं वाटावं. पुढची गाडी उंच होती. फाटकातून ती आत वळली तेव्हा नेस्टरने ती ओळखली. तिच्या मागे, चाकात चाक घालून आल्यासारखी, दारकाची छोटी पांढरी गाडी.

दारका उतरली ती थेट आईच्या गळ्यात पडली. दोघीही रडत होत्या. मग ती बापाकडे आली आणि त्याच्या कोटात तोंड खुपसून म्हणाली, “बाबा, चांदणी कुठे होती हो? मी वर बघून बघून वेडी झाले. मी सरळ पुढे चालले होते. फाट्यावर तिमको काका गाडी आडवी घालून उभे! खाली उतरून रस्त्यात उभे होते, बॅटरी हलवत. मी अंगावरच घालत होते त्यांच्या!”

“किती वेळ उभा होता?”

“मला काय माहीत? त्यांच्या मिशा बघा जाऊन.”

लेस्याने तिला आत नेलं. नेस्टर पिकअपकडे गेला. तिमको उतरला नव्हता. इंजिन चालूच होतं. त्याने काच चार बोटं खाली घेतली. मिशा, भुवया, टोपीची कड, सगळ्याचा एकच पांढरा पत्रा झाला होता.

“पोचली तुझी पोर,” तो म्हणाला. ओठ नीट हलत नव्हते. “मी जातो. तुझी वायर तेवढी काढून घे. माझ्याच्याने सुटली नाही.”

नारिंगी वायर बाजूच्या आरशाला गुंडाळलेली होती, घाईघाईने, कशीही. तिथून ती बॉनेटवरून पुढे जाऊन गाडीच्या जाळीतून बाहेर लोंबणाऱ्या आखूड वायरीला जोडलेली. नेस्टर पुढे जाऊन वाकला. पुढच्या दिव्याचा उजेड जोडावर पडला होता.

दोन वेढे, आणि तिसरा खालून काढलेला.

त्याने गाठीवर अंगठा ठेवला. मघाशी कानाशी फोन होता. मान वाकडी होती. डावीकडे, डावीकडे, असं तो ओरडत होता, आणि हात आपलं काम करत होते. चाळीस वर्षं आवारात पाहुण्याची गाडी आली की ते जे करत आले तेच. गाडीची वायर ओढायची, लांब वायरीला जोडायची, गाठ मारायची आणि खांबाकडे जायचं. खांबावर जे काही असेल ते काढायचं. काय काढलं ते त्याने बघितलंच नव्हतं.

तो सरळ झाला. मग खिडकीशी आला.

“तू बघत होतास,” तो म्हणाला. “मी लावत होतो तेव्हा.”

“बघत होतो.”

“मग बोलायचं नाही?”

“बोलत होतो. तू थांब म्हणालास.” तिमकोने मिशीवरचा बर्फ हातमोज्याने पुसायचा प्रयत्न केला. “मला वाटलं, आवार तुझं, खांब तुझा. तुझं तुला माहीत असेल.”

“आणि नंतर? घरात मी तुला एवढं बोललो तेव्हा?”

तिमको काचेतून समोर बघत राहिला. “सव्वापाच झाले होते,” तो म्हणाला. “तेव्हा भांडत बसलो असतो, तर फाट्यावर कोण गेलं असतं?”

नेस्टरने मान हलवली.  “आत चल,” तो म्हणाला.

“नको. गाडी दोन तास अशीच उभी राहिली तर सुरू होणार नाही. आणि त्या खांबावर दोन गोष्टी लागत नाहीत.” त्याने कोठीकडे बघितलं. “दोन टोकं मेली वाटतं तुझी.”

नेस्टरने आरशावरची वायर सोडवायला घेतली. एक एक वेढा काढत ती हातावर गुंडाळली. गाठ मात्र तशीच ठेवली. तिमको काही म्हणाला, ते त्याने ऐकलं नाही. वायर मागे सोडत सोडत तो खांबापाशी गेला. सॉकेटमध्ये काळी वायर होती. कोठीवर चांदणी आता पांढरी झाली होती आणि तिचा उजेड आवारभर, छोट्या गाडीच्या टपावर, बर्फात पडलेल्या रजईवर पसरला होता. पेटी परत गार पडणार, हे त्याला माहीत होतं. उद्या सुरू होईल न होईल. त्याचा हात वायरीवर क्षणभर थांबला.

मग त्याने ती ओढून काढली. या वेळी नीट बघून काढली. चांदणी विझली. नारिंगी वायर त्याने सॉकेटमध्ये खोचली आणि तळव्याने दाबून घट्ट केली.

दार उघडलं. लेस्या उंबऱ्यावर आली, मागून दारका. “नेस्टर! दिवे गेले!” लेस्या म्हणाली. “आता कुणी काढली ती वायर?”

“मी काढली,” नेस्टर म्हणाला. मग तो पिकअपकडे तोंड करून, बंद होत आलेल्या काचेपलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मघाशीही मीच काढली होती.”

तिमकोने इंजिन बंद केलं.